वफऱ्याला निघालेलं वऱ्हाड

गिऱ्हाईक कसं ओळखावं आणि कसं धरून ठेवावं, हे इतरांना सांगण्याचा मला पगार मिळतो. कुवेतमधल्या एका टेलिफोन कंपनीत मी मार्केटिंग मॅनेजर आहे आणि ‘कस्टमर एंगेजमेंट’ या विषयावर माझ्याकडे चौसष्ट स्लाइड तयार असतात. द्वारका धुरीच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकलेले नाहीत. फिंतासच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत ती अकरा वर्षं व्हिसाचे फॉर्म टाइप करत आणि तिकिटं काढून देत होती. तिच्याबद्दल लिहायचं तर माझा एक पराक्रमही सांगावा लागणार आहे. तो सांगताना मला लाज वाटते, पण त्याला इलाज नाही.

द्वारका कणकवलीकडची. नवरा राजन एका तेलकंपनीत सेफ्टी इन्स्पेक्टर. माझ्या बायकोची, सुनेत्राची, तिच्याशी मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झाली आणि तेव्हापासून मी तिचा ‘भावजी’ झालो. तिच्याकडे तिकीट काढायला गेलेल्या माणसाला ती तारीख विचारत नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, घराचा स्लॅब पडला का, मुलगी यंदा दहावीला ना, अशी सुरुवात होते. मग आपणच म्हणते, म्हणजे तुम्हाला गणपतीच्या आधी दोन दिवस घरी पोचायला हवं. तो माणूस गावाहून परतला की तिसऱ्या दिवशी हिचा फोन ठरलेला. अम्गराच्या वर्कशॉपांतले कोकणातले वेल्डर, फिटर दोन बस बदलून, अख्खं शहर ओलांडून फिंतासला तिच्याकडे येतात. वाटेत किमान पंचवीस एजन्स्या लागतात. याला आमच्यात ‘रिटेन्शन’ म्हणतात, असं मी तिला एकदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, आमच्यात चौकशी म्हणतात.

पण लोक फोनवरच तिकिटं काढायला लागले आणि एजन्सीचं काउंटर ओस पडू लागलं. मालक अशरफभाई केरळचा, सज्जन पण धास्तावलेला माणूस. द्वारकाने त्याच्यापुढे एक कल्पना मांडली. इथे पंधरा-पंधरा वर्षं राहून लोकांनी कुवेत बघितलेलं नसतं. हिवाळ्यात शुक्रवारी एक बस काढू, दक्षिणेला वाळवंटातली वफऱ्याची शेतं दाखवू, संध्याकाळी परत आणू. अशरफभाईने बरेच दिवस डोकं खाजवून होकार दिला, पण एका अटीवर. आधी एकच बस निघेल. एका जरी कुटुंबाची तक्रार आली, तरी हा विषय कायमचा बंद आणि द्वारका परत टायपिंगच्या टेबलावर. सुनेत्राला ती तेव्हा म्हणाली होती, अकरा वर्षं दुसऱ्यांचे प्रवास टाइप केले गं, एकदा तरी माणसांना स्वतः कुठेतरी घेऊन जायचंय. एरवी ती अशी मनातलं बोलणारी नाही.

जाहिरात मी लिहून दिली. फुकट. मोठ्या थाटात मथळा दिला, ‘वफऱ्याच्या शेतांची सहल, सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे’. लग्नपत्रिकेची भाषा एगैलातल्या मराठी कुटुंबांना घरगुती वाटेल, असा माझा हिशेब होता. बँकेतली, आयटीतली मंडळी माझ्या डोळ्यांसमोर होती. तीच आमची टार्गेट होती.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी आम्ही एगैलात मॉलच्या पार्किंगमध्ये जमलो. थंडी मस्त पडली होती. बसपाशी अकरा पुरुष ओळीने उभे होते. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, अत्तराचा घमघमाट, आणि दोघांच्या मध्ये फडक्यात बांधलेला भला मोठा टोप. त्यांचा म्होरक्या शत्रुघ्न, अम्गरातला वेल्डर, पन्नाशीचा. कुवेतमध्ये घरच्यांशिवाय राहणाऱ्या पुरुषाला बॅचलर म्हणतात, मग गावी त्याला नातवंडं का असेनात. आणि बॅचलरांना फॅमिलीपासून चार हात लांब ठेवायची इथे रीतच आहे. आमच्यातल्या दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी तडक द्वारकाकडे गेलो आणि ही सहल फॅमिलींची आहे ना, असं विचारलं.

उत्तर शत्रुघ्ननेच दिलं, अगदी निरागसपणे. “तुमच्या कागदार सहपरिवार लिवलेला ना? आमी अकरा जणां एका खोलीत रवतंव, एका टोपातला जेवतंव. मगे परिवार म्हणजे आणि काय?”

त्याने फोनवर ‘शत्रुघ्न, परिवार, अकरा माणसं’ असंच नाव नोंदवलं होतं. त्याची बायको गावी असते हे द्वारकाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. माझ्याकडे बघून ती फक्त म्हणाली, “शब्द तुमचेच आहेत, भावजी.”

मी खिडकीशी जाऊन बसलो आणि तिथे तो पराक्रम केला. फोन काढून अशरफभाईला मेसेज पाठवला. फॅमिलीच्या बसमध्ये अकरा बॅचलर भरले आहेत, हे आम्हाला मान्य नाही, व्यवस्थापन ढिसाळ आहे. सोबत माझं नाव आणि हुद्दाही घातला. आपण एका बाईच्या पोटावर पाय देतोय असं तेव्हा मनातही आलं नाही. आपण जागरूक गिऱ्हाईक आहोत, एवढंच डोक्यात होतं.

बस निघाली. पुढे कुटुंबं, मागे अकरा जण अंग चोरून. द्वारका ड्रायव्हरच्या मागे उभी होती. तिने एकदा फोन बघितला, पर्समध्ये टाकला आणि माइक हातात घेतला.

“मंडळी,” ती म्हणाली, “ही बस वऱ्हाडाची आहे. उजवीकडचे मुलाकडचे, डावीकडचे मुलीकडचे. सगळ्यांनी उठा आणि मी सांगते तसे बसा.”

पाच मिनिटांत तिने बसची पार घुसळण केली. बँकवाले प्लंबरशेजारी, फिटर आयटीवाल्यांच्या मुलांमध्ये. मुलीकडच्यांचा प्रमुख शत्रुघ्न. मग तिची नजर माझ्यावर आली. “वरबापाची निवड करायचं कारणच नाही,” ती म्हणाली. “एक जण सकाळपासून रुसून बसलेत.” सगळी बस हसली, सगळ्यांत मोठ्याने सुनेत्रा, कारण ती आपोआप वरमाय झाली होती.

आता मुलीकडच्यांनी माझा रुसवा काढायचा होता. शत्रुघ्न हलत्या बसमधून एकेक सीट धरत माझ्यापर्यंत आला, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि कमरेत वाकून म्हणाला, व्याहीबुवा, गोड मानून घ्या. मी नाक मुरडलं. खरं तर तेव्हा मी अजून खराच रागावलेला होतो, पण कुणाचा त्यावर विश्वास बसेना. जितकं घुश्श्यात बसावं तितकी माणसं खूश होत होती. कुणी मला खारे दाणे आणले, कुणी पाय चेपायला धावला, मागून कुणीतरी हुंड्यात टोप देऊ म्हणालं. शेवटी मलाच हसू आवरेना. राग धरून ठेवायला थोडा तरी एकांत लागतो हो, तो त्या बसमध्ये कुठला मिळायला.

माझी नऊ वर्षांची उर्वी मधेच उभी राहिली. “बाबा, बट हू इज गेटिंग मॅरीड?”

या मुद्द्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. द्वारका म्हणाली, तिथे पोचल्यावर बघू.

वफऱ्याला काचेसारख्या प्लास्टिकच्या कापडाखाली टोमॅटोच्या, काकडीच्या ओळीच ओळी होत्या. वाळवंटात इतकं हिरवं बघून माणसं हळू आवाजात बोलू लागली. एका कुंपणात शहामृगाची जोडी होती. द्वारकाने लांबूनच हात केला, ती बघा नवरा-नवरी. मुलांनी पक्ष्यांना घालायला दाण्याच्या पिशव्या घेतल्या होत्या, त्याच अक्षता झाल्या. सुनेत्राच्या बँकेतल्या एका साहेबांना मंगलाष्टकं येतात हे त्या दिवशी कळलं, आणि चांगली खणखणीत येतात. ‘सावधान’ म्हटलं की चाळीस माणसं दाणे उधळायची आणि नवरा-नवरी मान खाली घालून अक्षता खायची. शेतावरचा बांगलादेशी माळी डोक्याला हात लावून हसत होता. उर्वी तर नवरीची करवली होऊन कुंपणापासून हलेना. जेवायला टोप उघडला. काळ्या वाटाण्याचं सांबार, सोबत पहाटे उठून घातलेले घावणे. आमच्या घरून आलेल्या सँडविचांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

जेवण झाल्यावर शत्रुघ्न माझ्याशेजारी येऊन टेकला. सहज बोलता बोलता मुलीचा विषय निघाला, तसा म्हणाला, “गेल्या वर्सा चेडवाचा लगीन झाला. माका सुट्टी गावली नाय. मोबायलार बघलंय. व्याह्याक हातान चाय दिवची रवलेली, ती आज दिलंय.”

आणि हसला. मी उठून टोमॅटोच्या ओळींमागे गेलो आणि सकाळचा मेसेज पुसायला फोन काढला. त्यावर दोन निळ्या खुणा कधीच आल्या होत्या. अशरफभाईने वाचला होता. इतकं वाईट मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी फिंतासला गेलो. द्वारका टायपिंगच्या टेबलावर होती. अशरफभाईने मला मोठ्या आदराने खुर्ची दिली आणि तुमच्यासारख्यांच्या तक्रारीची आम्ही दखल घेतो, सहल बंद केली आहे, असं सांगितलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की मी चुकलो, तक्रार मागे घेतो, जाहिरातही माझी, मूर्खपणाही माझा. मेसेज पाठवताना हुद्दा घातला होता, म्हणून माफीच्या वेळीही घातला.

अशरफभाई पेचात पडला. कारण दोन दिवसांत सात कुटुंबांनी फोन करून ती शादीवाली बस पुन्हा कधी आहे, असं विचारलं होतं. त्याने मधला मार्ग काढला. सहल करू, पण फॅमिलीची बस वेगळी, बॅचलरांची वेगळी.

द्वारका टाइप करायची थांबली. तिला हवं होतं ते समोर आलं होतं, नुसती मान डोलवायची होती. ती उठून उभी राहिली. “अशरफभाई, बस एक ही जाएगी. नहीं तो मैं यहीं ठीक हूँ.”

अशरफभाईने कॅलेंडर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कॅलेंडर बघितलं. मग म्हणाला, ठीक है, एक ही. पण पुन्हा तक्रार आली तर?

“तो मुझे भेज दीजिए,” ती म्हणाली. “उस दिन भी तो बस में ही भेजी थी आपने.”

म्हणजे माझा मेसेज अशरफभाईने तेव्हाच तिला पुढे पाठवला होता. माइक हातात घेण्याआधी तिने फोनवर वाचला तो तोच. माझं नाव, माझा हुद्दा, ढिसाळ व्यवस्थापन, सगळं वाचून तिने मला वरबाप केलं होतं.

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, इतकं वाचूनही तुम्हाला त्या वेळी मस्करी सुचली कशी.

“मस्करी कुठली, भावजी,” ती म्हणाली. “हात इतके थरथरत होते की काहीतरी घट्ट धरायला हवं होतं. समोर माइक होता.”