लॉजवर सापडलेला कट

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं.

बारामती तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना जळोचीकडच्या लॉजचे मालक तात्या धापा टाकत आले. खोली झाडताना सापडलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"सायेब, मुंबईचा पावना हाय. चार दिस झालं, कारखान्याचं फोटो काढतोय. आन् हितं काय लिवलंय बघा."

कागदावर साखर कारखान्याचा नकाशा होता. ऊस टाकतात त्या गव्हाणीवर लाल फुली. खाली लिहिलेलं : ‘जुलै. ट्रॅक्टरांची रांग. स्फोट.’

स्टेशन डायरीला नोंद केली, पंच घेतले आणि त्या तिशीतल्या माणसाला ठाण्यात आणलं. तो म्हणाला, "सर, मी दहशतवादावरची मालिका लिहितो."

"सगळे असलंच काहीतरी सांगतात," आमचे हवालदार म्हणाले. "साहेब, पाच मिनिटं माझ्याकडं द्या."

मी त्याच्या पिशवीतली बाकीची पानं चाळली. त्यातला इन्स्पेक्टर संशयिताची बोटं मोडत म्हणत होता, ‘देश वाचवायचा तर कायदा बाजूला ठेवावा लागतो.’

"सर, मला वकील मिळेल का?"

"तुझ्या इन्स्पेक्टरनं दिला का कुणाला?"

मी चहा मागवला, त्याच्या घरी फोन लावून दिला. पण सोडायचं कशाच्या जोरावर? पिशवीतली पानं म्हणजे सोंगही असू शकतं. नकाशा पुन्हा हातात घेतला. मी ऊसवाल्याच्या घरातला पहिला पदवीधर. नजर जुलैवर अडली. तात्या अजून ठाण्यातच होते.

"तात्या, जुलैत गव्हाणीवर किती ट्रॅक्टर असतात?"

"जुलैत कुठलं ट्रॅक्टर? तवा कारखाना बंद. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो." तात्या हसू दाबत म्हणाले, "मग ह्यो बाबा उडवणार काय? गेटचं कुलूप?"

हवालदारांच्या हातातला चहा सांडला. कट करणारा माणूस आधी कारखाना कधी चालतो ते बघतो. मालिकेच्या कार्यालयात फोन केला, ओळखपत्र तपासलं, सगळं जुळलं. त्याला सोडल्याची नोंद केली.

निघताना त्यानं विचारलं, "सर, मारलं असतं तर?"

"तू सांग."

"कबूल केलं असतं. पहिल्याच थपडेत."

मग तिथंच बाकावर बसून त्यानं बोटं मोडायचा प्रसंग खोडला. पेन आमच्या ठाण्याचं होतं.

मी ती पाच मिनिटं दिली असती, तर कट उधळल्याचं बक्षीस मला मिळालं असतं आणि एक निरपराध माणूस तुरुंगात बसला असता. तेही त्याच्याच कबुलीवर.