अळीच्या वाटणीचं पाकीट

अंजनगाव सुर्जीच्या बियाणंवाल्या चाचांना मी जूनच्या गर्दीतही कधी घाईत पाहिलं नाही. अळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीची थैली देताना ते आतलं छोटं पाकीट काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. "हे बिना बीटीचं. वावराच्या धुऱ्याच्या कडीनं लावजा. अळीले साधी पऱ्हाटी खाऊ द्या, नायतं ते बीटी पचवाले शिकते."

"चाचा, अळीले आमी कावून पोसाचं?" असं म्हणत लोक पाकीट दुकानाच्या पायरीवरच टाकून जायचे. चाचाही त्यांच्यासोबत खदखदून हसायचे आणि गर्दी ओसरली की ती पाकिटं गोळा करायचे.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला दुकानामागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे भिंतीलगत त्याच टाकून दिलेल्या बियाण्याची कपाशी कमरेएवढी वाढली होती. अख्ख्या वऱ्हाडात बोंडअळी पाहून खूश होणारा हा एकच माणूस असावा. एका बोंडातून अळी डोकं काढत होती. सवयीनं मी ती चिरडायला हात पुढे केला.

चाचांनी माझं मनगट धरलं. "अरे भाऊ, जेवत्या पाहुन्याले कोनी उठवते काय?"