बुडख्याचा भरवसा

डेल्मर स्ट्राउडच्या हाताखाली एकेचाळीस वर्षांत एकही माणूस दगावला नाही. आमच्या ऑरेगनच्या डोंगरात ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. इथे लाकूडतोड हाच पोटाचा धंदा, आणि गावच्या दफनभूमीतले निम्मे लोक झाडाखाली नाहीतर दोराखाली सापडून तिथे पोहोचलेले. डेल्मर दोरांचा मुकादम होता. माथ्यावर यंत्र उभं करायचं, पोलादी दोर खाली दरीत न्यायचा, तोडलेले ओंडके त्याला बांधून वर ओढायचे, असं ते काम. यंत्राला धरून ठेवणारे ताणदोर कुठल्या बुडख्याला बांधायचे आणि कोणी कुठे उभं राहायचं, हे डेल्मर ठरवायचा. बुडख्याला एक लाथ मारायचा, कुऱ्हाडीचा दांडा आपटायचा, कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "हा धरेल." किंवा, "हा नाही." त्यावर कोणी वाद घालत नसे. त्याची माणसं संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जायची.

बाकी माणूस म्हणाल तर एक नंबरचा आडमुठा. एका कुत्र्यावरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलला नाही. चर्चमध्ये गेला तर शेवटच्या बाकावर बसून उघड जांभया द्यायचा. मी गावच्या लाकडाच्या मिलमध्ये करवतींना धार लावत जन्म काढला, म्हणून मला तो "छपराखालचा लाकूडतोड्या" म्हणायचा. तीस वर्षांत एकदाही नुसतं वर्न म्हणून हाक मारली नसेल.

त्याची बायको आयोन शाळेत स्वयंपाक करायची. बुटकी, जाड भिंगांची, तोंडाने फटकळ. आणि नेम असा की आम्ही दोघं मिळूनही तिच्या पासंगाला पुरत नव्हतो.

दर शरद ऋतूत आम्ही तिघं सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला जायचो. दाट जंगलात आमच्याकडे हरीण दिसत नाही, दिसतं ते तोडलेल्या तुकड्यात. तोड झाल्यावर पहिली दोन वर्षं नुसता चिखल आणि काटक्यांचा राडा असतो. मग काटेरी बेरी येतात, गुलाबी तुरे येतात, कोवळा पाला फुटतो आणि हरणं जेवायला उतरतात. दहाएक वर्षांनी लावलेली रोपं दाटली की पंगत उठली. शहरातले लोक उघडा डोंगर बघून हळहळतात. हळहळू देत. आमच्या फडताळातलं वर्षाचं मटण त्याच उघड्या डोंगरावरून यायचं.

त्या वर्षी मिल बंद पडून दीड वर्ष झालं होतं. मोसमाचा शेवटचा दिवस उजाडला तरी आमच्या तिघांचे परवाने कोरेच होते. डेल्मर म्हणाला, "सात नंबरला जाऊ." सात नंबर म्हणजे त्याची शेवटची तोड. सहा वर्षांपूर्वी तिथूनच तो मोडका गुडघा घेऊन घरी बसला होता.

सकाळी पाऊस थांबला होता, धुकं वर चढत होतं. रस्त्याच्या कडेला, जिथे पूर्वी यंत्र उभं असायचं त्या सपाटीवर आम्ही पिकअप लावली. आयोन एका बुडख्यावर फोमचा तुकडा टाकून बसली आणि दुर्बिणीने खालचा उतार इंच इंच चाळू लागली. नऊच्या सुमारास तिने दुर्बीण ठेवली आणि बंदूक उचलली.

"कुठंय?" डेल्मर कुजबुजला.

"ओघळीपाशी. शिंगांना चार-चार फाटे असलेला नर."

"आयोन, तो पार तळाशी आहे. खालचं हरीण मारायचं नाही. वर कोण आणणार, तुझा बाप?"

"माझा बाप मेलाय. तू आण," ती म्हणाली आणि गोळी झाडली. हरीण जागच्या जागी बसलं.

डेल्मर तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला. तिच्यावर तो रागावल्याचं मी फारसं कधी पाहिलं नाही.

आता शहाण्या माणसाने काय करावं? खाली जावं, हरणाचे चार भाग करावेत आणि दोन-तीन फेऱ्यांत पाठीवरून वर आणावेत. मी तसं म्हटलंसुद्धा.

"तुकडे?" डेल्मर म्हणाला. "अरे छपराखालच्या, याच उतारावरून मी अख्खी झाडं वर ओढलीत. शंभर पौंडांचं हरीण काय पिशवीतून नेऊ? बायकांचा बाजार आहे का हा?"

"बायकांनीच मारलंय ते," आयोन म्हणाली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. गुडघा गेला, धंदा गेला, पण पिकअपमध्ये कप्पी, साखळी आणि सहाशे फूट दोर मात्र कायम असायचा. त्याने तो काढला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, की मीही गप्प बसलो. माझी चूक तिथूनच सुरू होते.

रस्त्याच्या कडेला हेमलॉक झाडाचा एक बुडखा होता, कमरेइतका उंच आणि दोन हात रुंद. डेल्मरने त्याला एक लाथ मारली, दांडा आपटला. टण्ण आवाज आला. "याला मी माझं यंत्र बांधलं होतं," तो म्हणाला. "सगळ्या उन्हाळ्यात केसभर हलला नाही." त्याने बुडख्याला साखळीने कप्पी बांधली आणि दोर कप्पीतून खाली सोडला. पिकअप रस्त्याने पुढे जाणार, हरीण उतारावरून वर येणार. गाडी मी चालवायची. डेल्मर हरणापाशी. मला तळ दिसत नव्हता, म्हणून आयोनने मध्ये उभं राहून त्याच्या हाताच्या खुणा मला द्यायच्या. दोर वळतो त्याच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही, सुटला तर तो तिकडेच झेपावतो, हा तोडीतला पहिला नियम. डेल्मरने तिला दंडाला धरून बाहेरच्या बाजूला, बुडख्याच्या वीस पावलं खाली नेऊन उभं केलं आणि टाचेने चिखलात रेघ मारली. "हिच्या पलीकडे जायचं नाही."

"हो, मुकादम," आयोन म्हणाली आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

हरीण अर्ध्यावर आलं आणि एका पडक्या ओंडक्यात त्याची शिंगं अडकली. डेल्मरने थांबायची खूण केली. आयोनचा हात वर गेला. मला तो दिसला, पण तोवर मी आणखी थोडा दाब दिला होता. गाडी जागच्या जागी गुरगुरली, दोर तारेसारखा ताणला, आणि बुडखा जमिनीतून निघाला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. तो मुळांसकट आडवा झाला आणि उतारावरून गडगडत तिला घेऊन गेला. दोराचा नियम तिने तंतोतंत पाळला होता. बुडख्यासाठी असा काही नियमच नव्हता.

मी धावत गेलो तेव्हा ती थोडं खाली एका खळग्यात पालथी पडली होती. डेल्मर खालून हातापायांवर चढत तिच्यापाशी पोहोचला. कंबर मोडली होती हे तिच्या पायांच्या ठेवणीवरूनच कळत होतं. रक्त बाहेर फारसं दिसत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. बुडखा बाजूलाच पडला होता. त्याची मुळं काळी, भिजलेल्या पावासारखी झाली होती. वरून टणक, खालून लगदा.

नंतर मला त्याचा उलगडा झाला. तोडणारा माणूस तोडलेल्या जागी परत जात नाही, तो पुढच्या डोंगराला लागतो. डेल्मरने आयुष्यभर हजारो बुडखे ओळखले, पण ते सगळे ताजे. तोडून सहा वर्षं झालेला बुडखा त्याने कधी बांधलाच नव्हता. ज्याला आपण सगळ्यांत जास्त ओळखतो असं त्याला वाटलं, तोच त्याला नवखा होता.

तिथे तेव्हा फोनची सोय नव्हती. गाव एकोणीस मैल, त्यातले अकरा खडीचे. गाडी एकच. मदत आणायला न्यायची, नाहीतर आयोनला वर ओढायला वापरायची. हातांवर उचलून न्यावं तर आम्ही दोन म्हातारे, त्यात एकाचा गुडघा गेलेला, आणि उतार असा की मोकळा माणूसही हात टेकत चढेल.

आयोन शुद्धीवर होती. चष्मा कुठे गेला म्हणून विचारलं. मग म्हणाली, "डेल्मर, मला दोराने वर घे. गाडीतल्या फळ्यांवर बांध. मागच्या सीटखाली ताडपत्री आहे."

"आयोन..."

"गार पडतेय मी. ओढ मला वर. तो फरचा बुडखा आहे ना, त्याला बांध."

वर रस्त्याच्या कडेलाच, हेमलॉकच्या खड्ड्यापासून दहा पावलांवर, फर झाडाचा एक जाडजूड बुडखा होता. डेल्मर गुडघा ओढत वर गेला. मी मागोमाग. त्याने लाथ मारली. दांडा आपटला. कान लावला. पुन्हा आपटला. मग बुडख्याला प्रदक्षिणा घालून हाताने माती उकरायला लागला, थांबला आणि पुन्हा दांडा आपटला. सात वेळा, आठ वेळा. मला प्रत्येक वेळी तोच टण्ण आवाज येत होता.

"वर्न," तो म्हणाला. त्याच्या तोंडून नुसतं माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "वर्न, मला कळत नाहीये."

"डेल्मर, फर आहे हा. फर लवकर कुजत नाही."

"मला ऐकूच येत नाहीये." त्याने दांडा खाली टाकला. "जा. गाडी घे. माणसं आण."

मी गेलो. आजही सांगतो, मी वाद घालायला हवा होता. पण बुडख्याच्या बाबतीत डेल्मरशी वाद घालायची कोणाला सवयच नव्हती.

आठ माणसं आणि स्ट्रेचर घेऊन परत पोहोचायला सव्वादोन तास लागले. डेल्मरने अंगातलं सगळं काढून तिच्यावर घातलं होतं आणि तो बनियनवर बसला होता. आठ जणांनी हातोहात तिला वर आणलं. रस्त्यावर पोहोचलो तेव्हा ती श्वास घेत होती. खडीचा रस्ता संपायच्या आत तिचा श्वास थांबला. डॉक्टर तरुण होता, बोलायचं भान नव्हतं त्याला. डेल्मरच्या देखत म्हणाला, "तासभर आधी आणलं असतं तर."

अंत्यविधीला सगळे जुने तोडकरी आले. जो तो डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, तुझा काही दोष नाही, बुडखा कुजका होता. तो मान हलवायचा. त्या बुडख्याचं त्याला काही विचारायचंच नव्हतं. त्याच्या मनात होता तो न बांधलेला फरचा बुडखा, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

त्यानंतर तो जेवेनासा झाला. मी रोज काहीतरी घेऊन जायचो, बीन्स, पाव, कधी सूप. दुसऱ्या दिवशी ते तसंच असायचं. झोपायचा खुर्चीतच. नाताळच्या आधी एका दुपारी म्हणाला, "माझं एक काम करशील?"

"बोल."

"सात नंबरला जा. तो फरचा बुडखा बांध आणि ओढ. मला गुडघ्यामुळे जमणार नाही. आणि जमलं तरी..." त्याने पिकअपची किल्ली माझ्या हातात दिली. "काय होतं ते येऊन सांग."

मी गेलो. तीच पिकअप, तीच साखळी, तसाच दोर. फरला कप्पी बांधली, दोर खालच्या एका पडक्या ओंडक्याला बांधला आणि गाडी पुढे घेतली. मागची चाकं खडीत रुतली. पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी दोर तुटला आणि त्याचं टोक मागच्या काचेवर आपटलं. मी उतरून बघायला गेलो. बुडख्याभोवतीच्या मातीत भेगसुद्धा पडली नव्हती. त्या बुडख्याने आयोनला काय, आम्हा तिघांना हरणासकट वर आणलं असतं.

तिथेच बसून मी रडलो. खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसून गाडीत बसलो आणि अकरा मैलांच्या खडीवर काय बोलायचं ते घोकत आलो.

डेल्मर दार उघडून उभाच होता.

"निघाला," मी म्हटलं. "पहिल्याच ओढीला. मुळ्यासारखा उपटून आला."

"मुळं कशी होती?"

"कुजलेली. पार लगदा."

"रंग?"

"काळी," मी म्हणालो.

म्हणालो आणि जीभ चावली. मी त्याला हेमलॉकचीच मुळं सांगितली होती. फर कुजला तर विटकरी लाल पडतो, त्याचे चौकोनी ठोकळे सुटतात, हे आमच्या मिलमधला झाडूवालाही सांगेल.

डेल्मर माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली घातली तर त्याच्या पायांतले मोजे वेगवेगळे होते.

"काळी," तो म्हणाला.

"हो."

"बरं." त्याने दार पूर्ण उघडलं. "आत ये, वर्न. गारठा आहे."