लेकीचा ताप आणि मधलं दार

धाकटा जेमतेम महिन्याचा होता तेव्हा माझ्या लेकीला फ्लू झाला. ती पहिलीत होती. वर्गातली बरीच मुलं खोकत होती; एका दुपारी ती शाळेतून ताप घेऊनच आली.

डॉक्टर म्हणाले, "बाळाजवळ तिला जाऊ देऊ नका. आणि तिचं दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. तुम्ही बाळाला पाजताय."

दुसरं कोण होतं? सासूबाई धुळ्याला. इथे कोसाडला आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मग ह्यांनीच कापड विणायच्या लूमच्या कारखान्यातून सुट्टी घेतली. लेकीचं अंथरूण खोलीत, उघड्या खिडकीखाली. तिचा पेला, ताटली, टॉवेल वेगळा. बाळाला घेऊन मी स्वयंपाकघरात, मधलं दार लोटलेलं. हे तोंडाला मास्क लावून तिला औषध पाजायचे, साबणाने हात धुवायचे, मगच इकडे यायचे.

ती खोकली की मी उठायचे आणि दाराशी जाऊन परत बसायचे.

"मम्मी, तू ये ना."

"बाळाला ताप येईल गं. पप्पा आहेत ना जवळ?"

"पप्पांचा हात खरखरीत आहे."

हे हसले. मला मात्र हसू येईना. तिच्या कपाळावर माझा हात हवा होता, आणि तो मला देता येत नव्हता.

अंथरुणात पडून तिच्या केसांचा गुंता झाला. ह्यांना वेणी येत नव्हती, म्हणून मी दाराआडून सांगत होते. "आधी तेल लावा. खालून विंचरत या. आता तीन पेड करा."

"पप्पा, दुखतंय!"

"अहो, हळू!"

बाळ मांडीवर झोपलं होतं आणि माझी बोटं नुसतीच हवेत पेड घालत होती.

बाळाला काही झालं नाही. लेकीचा ताप उतरला, खोकलाही गेला. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटल्यावर मी दार सताड उघडलं आणि हात पसरले. ती उंबऱ्याशीच थांबली. आधी मोरीवर जाऊन हात धुतले, मग विचारलं, "येऊ का?"

मी तिला ओढून घेतलं. पोर किती हलकी झाली होती!

अजूनही ती जवळ येण्याआधी विचारते. मी दर वेळी "ये" म्हणते. पण धावत येऊन न विचारता अंगावर पडणाऱ्या त्या पोरीची मी अजून वाट बघते.