बंडूमिस्त्री आणि तिसरा प्लग

आधीच सांगतो, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, रात्रीचे बारा नाहीत. ज्यांना तेच हवंय त्यांनी खुशाल पान उलटावं. माझ्याकडे भर दुपार आहे, पोलादपूरचं एक गॅरेज आहे, आणि भूत म्हणाल तर... असो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हताच. असणार कसा? आमच्या वाडीच्या वळणावर संध्याकाळी एक बाई हुंदके देते म्हणतात ना, ती बाई मीच! दोन पावसाळे मी तिथे झुडपात बसून रडलोय. आवाज काढणं हा माझा एकुलता एक गुण. हेडसर, एसटीचा कंडक्टर, रिव्हर्स घेणारा डंपर – काय पाहिजे ते सांगा. पण सगळ्यात फर्मास जमायचे ते बंडूमिस्त्री.

बंडूमिस्त्रींचं गॅरेज महाबळेश्वर रोडला, मागेच घर. गाडी आली की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि म्हणायचे, "गप बसा रे सगळे, ही काय सांगते ते ऐकू द्या." तंबाखू तोंडात, त्यामुळे प्रत्येक 'स'चा 'श'. ते वारले त्याला तीन वर्षं झाली. आमची व्हॅन आम्ही घेतली गेल्या वर्षी, खेडच्या एका माणसाकडून. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबा वीस वर्षं मुंबईत एका कंपनीत होते. गुडघे गेल्यावर परत आले आणि ही सेकंडहँड व्हॅन घेतली. वाडीतल्या माणसांना पोलादपूर, महाड – बाजार, कोर्ट, एसटी स्टँड. आई म्हणायची, लग्नानंतर आत्ता कुठे नवरा घरात दिसायला लागलाय.

आणि मी काय केलं... गणपतीच्या पंधरा दिवस आधी महाडातून सामान आणतो सांगून गाडी काढली, आणि माझा मित्र मंग्या, त्याला घेऊन गेलो सव गावाला, गरम पाण्याच्या कुंडावर. परत येताना वाटेतल्या फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जात होतं. मंग्या म्हणाला, "जाईल रे." मी म्हटलं, "जाईल." मध्यावर गाडीने आचके दिले आणि बंद. परत सेल्फ मारला तर नुसतं टक.

ढकलत बाहेर काढली. आता पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहितो. एअर फिल्टर ओला होता, तो मंग्याच्या महाडातल्या बहिणीच्या हेअर ड्रायरने सुकवला. मॅट्स उन्हात टाकल्या. आणि मग बाबांना फोन – "बाबा, महाडात चालता चालता बंद पडली."

गाडी टोचन करून पोलादपूरला आणली. गॅरेज आता बंडूमिस्त्रींचा मुलगा सचिनदादा बघतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

"पाण्यातून घातलीस काय?"

"नाय."

"नक्की?"

"आईशप्पथ."

त्याने फिल्टर काढून बघितला. कोरडा ठणठणीत. बॅटरी चांगली. क्रँकच्या पुलीला पाना लावला, हलेना. पान्याला पाईप घालून दोघांनी जोर लावला, तरी हलेना. सचिनदादा हात पुसत म्हणाला, "काका, आतून जाम झालंय. सीझ. दुसरं इंजिन टाकायचं, नायतर गाडी भंगारात. मधलं काय नाय."

बाबा टायरवर बसले ते उठेचनात. तीन दिवस असेच. घरी कोणी नीट जेवत नव्हतं. मी माकडचेष्टा करायचो, कोणी हसायचं नाही. बोलून टाकावं असं शंभरदा वाटलं हो! पण मनात म्हटलं, सांगून आता काय होणार? सीझ ते सीझ. उगाच शिव्या खायच्या. इतकी अक्कल.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा गॅरेजात म्हणाले, "नको टाकूस इंजिन, सचिन. भंगारवाल्याला चारला बोलावलाय. मी मुंबईला फोन केलाय, वॉचमनची जागा हाय एक. गणपती झाले की जातो."

"काका, गुडघे तुमचे..."

"बसूनच असतं रे ते काम."

बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. सचिनदादाला ते बघवलं नसावं. तो उगाच हसत म्हणाला, "विक्या, आमचे आप्पा असते तर काय म्हणाले असते रे?"

मला तेवढंच हवं होतं. रडू येत होतं, त्यापेक्षा नक्कल बरी. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर, मूठ कानाला. "गप बशा रे शगळे, ही काय शांगते ते ऐकू द्या..."

इथपर्यंत मी. माझं पाठ असलेलं वाक्य.

मग मला खोकला आला. आतून, ओला, दोन टप्प्यांचा – आधी एक लांब, मग तीन बारीक. माझ्या नकलेत खोकला कधीच नव्हता. आणि तोंड माझं, पण पुढचं वाक्य काय येणार ते मला माहीत नव्हतं.

"शच्या, तिशरा प्लग काढ. बाकीच्यांना हात नको लावू. आणि हळू काढ, जोर नको. तिथले आटे गेलेले, मी पितळी बुश बशवलाय. जोर केलाश तर बुशाशकट येईल." परत खोकला. "इंजिन बदलायचं नाय हिचं. पोटात पाणी हाय. कुठून आलं ते ह्यालाच विचार."

'ह्यालाच' म्हणताना माझाच हात माझ्या छातीवर आला होता.

स्क्रूड्रायव्हर पडला. सचिनदादाचा चेहरा पांढरा. त्याने प्लगचा पाना घेतला आणि तिसरा प्लग हळूहळू सोडवला. टॉर्च मारून आत बघितलं. मग बाबांना बोलावलं. आटे होते तिथे पितळी कडं चमकत होतं. बाकी कुठल्याच प्लगला नव्हतं, नंतर बघितलं आम्ही.

पुलीला पाना लावला. एका हाताने फिरली. आणि भोकातून लाल गढूळ पाण्याची पिचकारी थेट बाबांच्या शर्टावर.

"सीझ नाय, पाण्याने अडकलं होतं," सचिनदादा म्हणाला, "पाण्यातून घातलेली कळलं असतं तर पहिल्याच दिवशी प्लग काढला असता." तेवढ्यात मागच्या दारात काकी, बंडूमिस्त्रींची बायको, पिठाच्या हातांनी उभी. तिने विचारलं, "आत्ता कोण खोकलं?"

मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"आवाज तू काढतोस ते ठाऊक हाय मला, मी पण हसलेय. पण तो खोकला... तो त्यांना मुंबईच्या इस्पितळात लागला, शेवटच्या आठ दिवसांत. तिथं मी नि सच्या, तिसरं कोणी नव्हतं. तू कुठे ऐकलास रे मेल्या?"

ती भाकरी करपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

ऑइल बदललं, उरलेले प्लग सुकवले. पाच-सहा सेल्फमध्ये गाडी चालू झाली, पांढरा धूर सोडत, खोकतच. भंगारवाला आला तसा परत गेला.

नंतर खेडच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "हां, प्लगचं काम केलं होतं, चारेक वर्षं झाली. घाटातून उतरताना पोलादपुरात एका म्हाताऱ्याकडे. नाव नाय आठवत." आम्हाला सांगायचं राहून गेलं म्हणाला. पाण्याचं माझ्या मनातलंच तोंडातून बाहेर पडलं, हे मी मानतो. पण बुश? आणि तो खोकला? डोकं चालवून थकलो. कोणाला काही सुचलं तर सांगा, मला सुचत नाही. आवाज काढणं सोडलंय मी. वळणावरची बाईसुद्धा हल्ली रडत नाही.

राहता राहिले बाबा. गॅरेजात ते एक शब्द बोलले नाहीत. गाडी स्वतः चालवत होते, शर्टावर तो लाल डाग. वाडीच्या चढाला दुसरा गिअर टाकला आणि मग बोलले. बाबांची नक्कल मी लहानपणापासून करतो, हे मात्र करून दाखवता येत नाही, नुसतं लिहितो.

"आईची शपथ घेतलीस. मी चाललो होतो परत, ते पण बघत उभा राहिलास. मेलेला माणूस येऊन खरं बोलून गेला रे, विकास... तू तर जिवंत होतास ना?"