लेकीसाठी गाडी बघताना

माझी लेक अडीच वर्षांची झाली तरी चालत नव्हती. टेकू दिला की बसायची, बोलायचीही थोडंफार, पण उभं करायला गेलं की गुडघे दुमडायचे आणि ती माझ्या हातावरच खाली यायची. डॉक्टर म्हणाले होते, स्नायूंत जोर कमी आहे, व्यायाम चालू ठेवा, उशीर लागेल. किती उशीर, असं मी विचारलं. “आत्ताच नाही सांगता येणार,” ते म्हणाले. चालेल ना, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. ते तसंच ठेवून मी घरी आले.

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. मी शाळेत शिकवते. नवरा श्रीपूरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. गाळप सुरू झालं की तो तिकडेच असतो, कधीतरी एखाद्या दिवसापुरता येतो. त्यामुळे दिवसभर लेकीला बघायच्या त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. नातीशी बोलताना निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिला त्या नेहमी ‘कंदा’ म्हणायच्या, म्हणजे लेकरू.

कंदा कायम त्यांच्या कडेवर. सकाळी देवळात, संध्याकाळी भाजीला, व्यायामाच्या मॅडमकडे, सगळीकडे कडेवरच. लेकीचे पाय आता त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबायला लागले होते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “लाडावून ठेवलीय आजीनं. सोडा की खाली.” आत्या हसून म्हणायच्या, “सोडते की.” आणि पुढे जायच्या. पोरीच्या पायात जोर नाही हे त्यांनी गल्लीत एकालाही सांगितलं नव्हतं. मीही नाही.

एक दिवस दुपारी शाळेत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा फोन आला. “मॅडम, तुमच्या सासूबाई आमच्या पायरीवर बसल्यात. त्यांना उठताच येईना.” मी तशीच निघाले. आत्या पायरीवर बसल्या होत्या. एका हाताने लेकीला धरलेलं, दुसरा हात कमरेत. चेहरा पांढरा पडलेला. लेक त्यांच्या पदराचं टोक तोंडात घालून मजेत बसली होती. तिला माझ्याकडे घ्यायला गेले तर आत्यांचा हात सुटेना. इतका वेळ आवळून धरल्याने तो आखडला होता.

कमरेची नस दबली होती. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. त्याच आठवड्यात मी ठरवलं की गाडी घ्यायची. व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, “साधी बाबागाडी नको, तिच्यात झोळीसारखं बूड खाली जातं, पाठ वाकते. पाठ ताठ राहील, खांद्यावरून पट्टे येतील अशी बघा. आणि तुमच्या गल्लीत मोठ्या चाकांचीच चालेल. तीनचाकी बघा. लेकीला घेऊन जा, बसवूनच घ्या.”

आत्यांना हे पटलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाल्या, “गाडी नको गं. कडेवर असली की लाडाची दिसती. गाडीत घातली की लोकं इचारत्यात, येवढी मोठी पोर गाडीत का म्हनून.”

“विचारू देत.”

“तू शाळंत असतीस. सांगावं मला लागतंय.”

नवऱ्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “थोडं थांबायचं का? समजा दोन-चार महिन्यांत चालायला लागली तर गाडी नुसती पडून राहील.”

“पडून राहिली तर मी पेढे वाटीन,” मी म्हटलं. मागे कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. मग, “बघ तू,” म्हणाला आणि फोन ठेवला.

नव्या पेठेतल्या एका मोठ्या दुकानात गेले. लेक माझ्या कडेवर होती. दुकानदाराने विचारलं, “बाळ किती महिन्यांचं?”

“हिच्यासाठीच बघायची आहे.”

त्याने लेकीकडे पाहिलं, हसला. “हिला कशाला ताई गाडी? हिचं तर आता पळायचं वय.”

मी म्हटलं, “ती चालत नाही.” घराबाहेर कुणाला तरी हे मी पहिल्यांदाच सांगत होते. त्यावर तो इतक्या अदबीने एकेक गाडी काढून दाखवू लागला की ते हसणंच बरं होतं असं मला वाटलं. चारचाकी गाडीची चाकं लहान होती, दुकानाच्या उंबऱ्यातच अडकली. शिवाय आत बसवल्यावर लेक घसरत घसरत पट्ट्याखाली गेली. मग त्याने एक तीनचाकी काढली. पुढचं एकटं चाक सुरेख वळत होतं. मला आवडली. पण लेकीला आनंद झाला की ती सगळं अंग एका बाजूला टाकते. तिने तसं टाकलं आणि मागचं एक चाक फरशीवरून उचललं गेलं. मी हँडल धरलं म्हणून बरं. “वजनाला हलकी आहे ना,” दुकानदार म्हणाला, “म्हणून जरा…” मी तशीच परत आले.

व्यायामाच्या मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विजापूर रोडवरच्या एका घरचा पत्ता दिला. “त्यांच्याकडे चांगली तीनचाकी आहे. बाहेरून मागवलेली. त्यांच्या मुलाला आता लागत नाही.”

आता लागत नाही. वाटेत मी ते शब्द किती वेळा मनात म्हटले असतील. लागत नाही म्हणजे ते मूल चालायला लागलं. आत्यांना सांगितलं तर त्या अंथरुणातून उठून बसल्या. कमरेला पट्टा बांधून म्हणाल्या, “मी बी येते. त्या पोराला बघायचंय मला.” गाडीत त्यांना काडीचा रस नव्हता. आम्ही दोघी रिक्षात बसलो तेव्हा सणाला निघाल्यासारख्या होतो.

दार माझ्याच वयाच्या एका बाईंनी उघडलं. गाडी हॉलमध्येच होती, धुऊन पुसून ठेवलेली. रुंद बूड, ताठ पाठ, हवा भरायची जाड चाकं. त्यांनी लेकीला बसवलं, खांद्यावरून पट्टे घेतले, मागे एक छोटी उशी सरकवली. लेक सरळ बसली. इतकी सरळ मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने नेहमीसारखं अंग एका बाजूला टाकलं, गाडी जागची हलली नाही. “वळवताना मात्र हँडल जरा खाली दाबायचं,” त्या सांगत होत्या, “आणि हँडलला पिशवी लटकवू नका. मूल खाली उतरलं की गाडी मागे पडते.”

आत्यांनी इकडे तिकडे बघत विचारलं, “पोरगा कुटं हाय? शाळंत गेला व्हय?”

“आत आहे. या की.”

आतल्या खोलीत खिडकीशी एक मोठी चाकाची खुर्ची होती. तिच्यात आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा. पाय बारीक, पट्ट्याने बांधलेले. आम्हाला बघून त्याचं तोंड हळूहळू हसू लागलं. “आता त्या गाडीत मावत नाही ना,” त्याची आई म्हणाली. “उंची वाढली एकदम.”

मी दारातच उभी राहिले. आत पाय टाकवेना. त्या मुलाचे डोळे फार सुंदर होते, हे मला दिसत होतं, आणि तरी मला तिथून पळून जायचं होतं. त्याच्या आईने मुलाच्या तोंडाची लाळ पुसत कानडीत काहीतरी म्हटलं. ते ऐकून आत्या सरळ पुढे गेल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, “ऊट आतेनप्पा?” जेवलास का रे बाबा. मुलगा उत्तर देऊ लागला. एकेक शब्द यायला फार वेळ लागत होता. आत्या त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या, मध्ये त्याला शब्द पुरवत नव्हत्या.

मी बाहेर आले, लेकीचे पट्टे सोडले, तिला उचललं. “कळवते मी,” म्हणाले. त्या बाईंनी आग्रह केला नाही. जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

रिक्षात आत्या म्हणाल्या, “गाडी चांगली हाय.”

“मला नको ती.”

“त्या पोराची म्हनून?”

मी मान डोलावली. आत्यांनी लेकीचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि घर येईपर्यंत चोळत बसल्या.

त्यानंतर मी शाळेत मधल्या सुट्टीत फोनवर नवीन गाड्या बघू लागले. एकीचा रंग नको वाटायचा, एकीची पाठ, एकीचं वजन. मलाही कळत होतं की गाड्यांत खोट नव्हती. तोवर लेकीला मीच उचलून नेत होते. मॅडम म्हणाल्या, तिचा डावा खांदा खाली झुकायला लागलाय, गाडीचं काय झालं? बघतेय, असं सांगितलं.

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत्या देवळात जाते म्हणून गेल्या होत्या, बराच वेळ झाला होता. खाली बघितलं तर त्या गल्लीच्या तोंडाशी होत्या. पुढे ती तीनचाकी गाडी, रिकामी, आणि मागे कमरेला पट्टा बांधलेल्या आत्या, सावकाश ढकलत येत होत्या. पाइपलाइनसाठी गल्ली खणली होती म्हणून रिक्षावाल्याने त्यांना बाहेरच सोडलं होतं. पायरीपायरीवर बायका बसलेल्या. भाजीवालीने विचारलं, “कुनाची हो गाडी?”

आत्या थांबल्या. “आमच्या नातीची. पायात जोर न्हाय तिच्या अजून. बसायला आनली.” आवाज बारीक केला नव्हता. मला वरपर्यंत ऐकू आला. पायरीवरची एक बाई उठून वाटेतला दगड बाजूला करू लागली.

मी धावत खाली गेले. रागच आला होता. “तुम्हाला वजनाला हात लावायला मनाई केलीय ना?”

“रिकामी हाय की.”

“आणि मी नको म्हणाले होते.”

“व्हय. म्हनून तुला इचारलं न्हाय.” त्या गाडीला टेकून दम घेत होत्या. मग म्हणाल्या, “त्येच्या आईला इचारलं मी. गाडी घेतली तवा काय वाटलं म्हनून. ती म्हनली, गाडीत घातला म्हनून त्येचे पाय गेले न्हाईत, आन न्हाई घातला म्हनून आले बी नसते. नुसता घरात बसला असता.”

मी वर गेले. लेकीला खाली आणलं आणि गल्लीतच गाडीत बसवलं. सगळे बघत होते. गटाराच्या झाकणावरून पुढचं चाक गेलं तेव्हा गाडी हिंदकळली आणि लेक खदखदून हसली. परत नेली, परत हसली. आत्या पायरीवर बसून बघत होत्या. मला हसू आलं नाही. तिचे दोन्ही पाय पायपट्टीवर नीट ठेवलेले, जागचे न हलणारे, तेवढेच मला दिसत होते.

नवरा पुढच्या सुट्टीला आला. दारात गाडी बघून थबकला, मग हातपाय धुवायला गेला. नंतर बघते तर सायकलचा पंप घेऊन गुडघ्यावर बसून चाकांत हवा भरत होता. “मागची दोन सारखी पाहिजेत,” म्हणाला, “नाहीतर एका बाजूला ओढते.” थोड्या वेळाने खाली बघतच त्याने विचारलं, “तो मुलगा बोलतो का?”

“बोलतो. वेळ लागतो.”

त्याने तपासून झालेलं चाक पुन्हा दाबून बघितलं.

आता लेकीला चौथं वर्ष संपत आलंय. पलंगाची कड धरून ती कधी कधी क्षणभर उभी राहते. कधी आठवडाभर राहतच नाही. आत्या तिला गाडीतून बागेत नेतात, भाजीला नेतात, कुणी विचारलं तर सांगतात. मी त्या बाईंना मध्ये एकदा फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, मुलगा गाडीत मावेनासा झाला हे तुम्हाला कधी कळलं? त्या म्हणाल्या, “पावलं पुढच्या चाकाला लागायला लागली तेव्हा.”

आता पट्टे लावताना मी दर वेळी तिकडे बघते. तिच्या पावलांत आणि चाकात अजून वीतभर जागा आहे.