पोत्यांच्या काट्यावर बाबा
मिरचीचा ठसका लागला की वाडीच्या मिरचीच्या गोदामातला पोती तोलायचा काटा आठवतो. बाबांचं हृदय थकलं होतं, अंगात पाणी साचायचं, पाय दाबला की खळगा पडायचा. वजन वाढलं तर पुन्हा दवाखान्यात भरती, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी त्या गोदामात कारकून, म्हणून रोज सकाळी त्यांना धरून काट्यावर उभं करी. एकदा एका दिवसात चार किलो वाढले. “चोरून लोणचं खाल्लं ना?” मी ओरडलो. “नाही गा, मिठाले हातबी नाही लावला!” बाबा रडवेले झाले. तेवढ्यात हमाल माझ्या पायाकडे बोट दाखवत म्हणाला, “बाबूजी, हातानं धरा ना, काट्यावर पाय काहून ठेवला?” बाबा इतके हसले की काटाही हलला. आता माझेच पाय सुजतात. लेक वजन करते, तेव्हा आकड्याआधी मी तिचे पाय पाहतो.